बिट खोली (अंकीय छायाचित्रण)

बिट खोली ही अंकीय छायाचित्रातील प्रत्येक बिंदूच्या रंगघटकाची नोंद किती बिटांमध्ये केली आहे, हे दर्शवणारी संख्या होय. छायाचित्रासाठी फाइलचा प्रकार निवडताना बिट खोली आणि संपीडनाची पद्धत या दोन्ही बाबी विचारात घेतल्या जातात.

छटांची संख्या

लाल, हिरवा व निळा या प्रत्येक घटकासाठी ८ बिट वापरल्यास २५६ छटा नोंदवता येतात. तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ रंग होतात. १२ बिटांत ४,०९६, तर १४ बिटांत १६,३८४ छटा मावतात. पाहण्यासाठी व छपाईसाठी ८ बिट सहसा पुरेसे असतात. मात्र संपादनात काळोखा भाग बराच उजळल्यास मोजक्या छटा ताणल्या जातात आणि संध्याकाळच्या आकाशासारख्या भागात रंगांचे पट्टे दिसू लागतात.

फाइलचे प्रकार

१९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेगमध्ये सहसा ८ बिट असतात. फाइल लहान करण्यासाठी त्यात डोळ्यांना कमी जाणवणारा तपशील वगळला जातो. पीएनजी व टिफ यांत १६ बिटांची नोंद तपशील न गमावता ठेवता येते, परंतु २.४ कोटी बिंदूंचे छायाचित्र १६ बिटांच्या असंपीडित टिफमध्ये सुमारे १४४ मेगाबाइट जागा घेते. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या संवेदकाची, बहुधा १२ किंवा १४ बिटांची, नोंद असते.

जेपेगचे १६ बिटांच्या टिफमध्ये रूपांतर केल्याने वगळलेला तपशील परत येत नाही. म्हणून संपादन करावयाचे असल्यास मूळ प्रत रॉ स्वरूपात जतन करतात आणि वितरणासाठी तिच्यापासून जेपेग तयार करतात.