देशी कापसाची २६ गुणसूत्रे आणि जालन्याचे संकरित बियाणे

भोकरदन तालुक्यातील कापसाचा इतिहास सांगताना पाऊस, भाव आणि बाजार यांचा उल्लेख हटकून येतो. या इतिहासाचा एक धागा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो.

१९२० च्या दशकात पेशीशास्त्रज्ञांनी कापसाची गुणसूत्रे मोजली, तेव्हा देशी जातींत ती २६, तर अमेरिकन व इजिप्शियन जातींत ५२ आढळली. देशी आणि अमेरिकन यांच्या संकरातून ३९ गुणसूत्रांचे त्रिगुणित झाड मिळते. त्याच्या जननपेशी तयार होताना अमेरिकन कापसाची १३ मोठी गुणसूत्रे देशी कापसाच्या १३ गुणसूत्रांशी जोडी जमवितात. उरलेली १३ लहान गुणसूत्रे एकाकी राहतात. या रचनासाम्यावरून स्कोव्हस्टेड यांनी १९३४ मध्ये अमेरिकन कापूस दोन भिन्न कुळांच्या मिलनातून उपजला असावा, असे अनुमान काढले. १९४० मध्ये बीस्ले यांच्या कृत्रिम संकराने त्यास पुष्टी मिळाली.

हे त्रिगुणित झाड मात्र वंध्य असते. शर्कराकंदाच्या पैदासकारांना असे वंध्यत्व अडले नाही. १८ आणि ३६ गुणसूत्रांच्या वाणांपासून केलेले २७ गुणसूत्रांचे बीट युरोपात दीर्घकाळ पेरले गेले, कारण तेथे साखर कंदात असते. कापसाचा धागा सरकीच्या सालीवर उगवतो. सरकीच धरली नाही, तर वेचायचे काय?

त्यामुळे संकराची वाट ५२ गुणसूत्रांच्या गटातूनच गेली. सी. टी. पटेल यांचा 'संकर-४' (सुरत, १९७०) दोन अमेरिकन वाणांचा होता, तर कटरकी यांच्या 'वरलक्ष्मी'त (धारवाड, १९७२) इजिप्शियन गटाचा पिता होता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात स्थापन केलेल्या 'महिको'मुळे संकरित बियाणे मराठवाड्याच्या दारी आले. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली, तीही अशाच संकरित वाणांच्या रूपाने. अवर्षण आणि रसशोषक किडी अधिक सोसणारा देशी कापूस मागे पडला.

गुणसूत्रांची संख्या हे त्याचे एकमेव कारण मानणे अर्थातच अतिशयोक्त होईल. गिरण्यांना लांब धागा हवा होता आणि देशी धागा आखूड होता. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने पीए २५५, अर्थात 'परभणी तुराब', हा लांब धाग्याचा देशी वाण दिला. परंतु तोवर शेतकऱ्याची सवय पालटली होती. देशी वाणाची सरकी घरी राखून पुढच्या मृगात पेरता येई. संकरित वाणाची पुढची पिढी एकसारखी निपजत नाही, म्हणून बियाण्याची पिशवी दरवर्षी नव्याने विकत घ्यावी लागते.