थरच्या वाळूतील बिळे आणि त्यांचे अभ्यासक

थरच्या वाळवंटात सर्वत्र आढळणाऱ्या जर्बिल या उंदरासारख्या कुरतड्या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले ते 1867 मध्ये, थॉमस जर्डन या लष्करी डॉक्टराने लिहिलेल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात. आणि त्या नावातील ‘हुरियानी’ हे पद हरियाणाच्या कोरड्या पट्ट्याची आठवण आजही जपून आहे. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तिचा आरंभ खानदेशात झाला आणि कच्छ, सिंध अशा रुक्ष मुलखांतूनही नमुने गोळा झाले. मात्र त्या काळच्या प्राणिशास्त्राचे लक्ष कातडी, कवटी आणि शेपटीची लांबी यांवर खिळलेले असल्यामुळे प्राणी संग्रहालयाच्या खणात येई, आणि त्याचे खरे घर असलेले बीळ वाळूतच राहून जाई.

हे दुर्लक्ष संपले ते कुतूहलामुळे नव्हे, तर वैरामुळे, असे म्हणणे भाग आहे. वाळवंट पसरू नये म्हणून जोधपूर येथे 1952 मध्ये वनीकरण केंद्र उभे राहिले आणि 1959 मध्ये त्याचेच केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. रोपे लावावीत आणि जर्बिलांनी ती मुळाशी कुरतडावीत, सेवण गवताची कुरणे राखावीत आणि त्यांची पोखरण व्हावी, हा अनुभव येऊ लागल्यावर शत्रूची राहणी जाणून घेणे अपरिहार्य ठरले. प्राणिशास्त्रज्ञ ईश्वर प्रकाश यांनी येथे दीर्घकाळ हे काम केले. विल्यम फिट्झवॉटर यांच्यासमवेत त्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या जर्बिलाची बिळे, वर्तन आणि वावरक्षेत्र यांचा एकत्र विचार केलेला आहे.

वावरक्षेत्र म्हणजे प्राणी अन्न, जोडीदार आणि पिल्लांची जोपासना यांसाठी नेहमी ज्या भागात फिरतो तो भाग. त्यातील जेवढ्या भागाचे तो इतरांपासून रक्षण करतो तेवढीच त्याची हद्द. हा भेद अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बर्ट यांनी 1943 मध्ये स्पष्ट केला होता. तो प्रत्यक्ष मोजायचा तर जाळीच्या चौकटीप्रमाणे ठरावीक अंतरावर पिंजरे मांडावे लागतात, पकडलेल्या जनावरावर खूण करून त्याला सोडावे लागते, आणि ते पुन्हा कोठे सापडते याची नोंद ठेवावी लागते.

अशा नोंदींतून उभे राहणारे चित्र एकाकी उंदराचे नव्हे, तर वस्तीचे आहे. जर्बिल दिवसा वावरणारा असून अनेक तोंडे असलेली बिळे जवळजवळ करून राहतो. थंडीत तो भरदुपारी बाहेर असतो, तर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचीच वेळ साधतो, कारण दुपारी वर वाळू तापत असली तरी बिळातील हवा तुलनेने थंड आणि दमट असते. त्याचा शेजारी हरणा उंदीर मात्र रात्री निघतो, त्यामुळे एकाच माळावर दोघांच्या दोन पाळ्या चालतात. दोघांच्याही पोटावर मध्यभागी एक ग्रंथी असते, तिचा स्राव जमिनीला घासून ते आपल्या अस्तित्वाची खूण सोडतात. आणि पुढे हाच वास विषारी आमिषात मिसळल्यास ते अधिक खाल्ले जाते का, याचेही प्रयोग झाले. एका समाजाची ओळख पटवणारी खूण त्याच्याच नाशासाठी वापरण्याचा हा विचार शेतीच्या दृष्टीने कितीही रास्त असला, तरी त्यात एक क्रूर विसंगती आहे.

वाळवंटातील कुरतड्या प्राण्यांवर ईश्वर प्रकाश आणि पुलक घोष यांनी संपादित केलेला ग्रंथ 1975 मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झाला, तोवर राजस्थानच्या उत्तरेकडील वाळूत कालव्याचे पाणी येऊ लागले होते. 1958 मध्ये काम सुरू झालेल्या, पुढे इंदिरा गांधी यांचे नाव मिळालेल्या त्या कालव्याने जे घडवले ते विषारी आमिषालाही जमले नव्हते: बारमाही ओलित झालेल्या शेतांतून जर्बिलांच्या वसाहती हटत गेल्या, आणि त्यांची जागा ओल्या जमिनीत बिळे करणाऱ्या, पूर्वी या मुलखात विरळा असलेल्या घुशींनी घेतली.