२० एप्रिल २००९ : ढगांपलीकडे पाहणारा ‘रिसॅट-२’

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याला पाच महिनेही झाले नव्हते. २० एप्रिल २००९ रोजी पीएसएलव्ही-सी१२ ने श्रीहरिकोट्याहून ३०० किलोचा ‘रिसॅट-२’ कक्षेत नेला. सोबत चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’ होता. रिसॅटचे रडार इस्रायली बनावटीचे. ‘इस्रो’ने त्याची ओळख आपत्ती व्यवस्थापनाचा उपग्रह अशी करून दिली; टेहळणीबद्दल अधिकृतपणे फारसे बोलले गेले नाही.

आषाढ-श्रावणात शहापूरचा माहुली, भातसा-तानसाचे पाणलोट, मुरबाडचा माळशेज घाट ढगांत बुडालेले असतात. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला तेव्हा वरून ढगच दिसतात. रडार स्वतः लहरी सोडते आणि जमिनीवरून परतलेल्या लहरींतून चित्र घडवते, रात्री आणि भर पावसातही. पुराचे पाणी कुठवर पसरले, हे पाऊस थांबण्याआधी कळणे ही आपल्या डोंगरपट्ट्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

चार वर्षांसाठी बनवलेला ‘रिसॅट-२’ साडेतेरा वर्षे कक्षेत राहिला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी जाकार्ताजवळ हिंदी महासागराच्या दिशेने तो वातावरणात शिरला.