रंगवलेले केस आणि पॅरिसची एक प्रयोगशाळा

आमच्या एका शिक्षिका मैत्रिणीने केसांना रंग लावायला सुरुवात केली आणि तीन-चार महिन्यांतच तक्रार आली, की केस काथ्यासारखे झाले आहेत. दुकानात तिला दोन 'इंटेन्सिव्ह' कंडिशनर दाखवले गेले. एकाची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ पाचपट. स्वस्तातला चालेल का, एवढाच तिचा प्रश्न होता. आम्ही उत्तर देण्याऐवजी दोन्ही विकत आणले, नावे झाकली आणि तिला डोक्याच्या उजव्या बाजूला एक व डाव्या बाजूला दुसरा लावायला सांगितला. दोन्ही बाजूंचे केस मऊ झाले. महागडा कोणता ते तिला ओळखता आले नाही. तीन-चारदा शांपू झाल्यावर दोन्ही बाजू पुन्हा राठ झाल्या.

एका डोक्यावरचा प्रयोग हा काही पुरावा नव्हे. पण निकाल असा का लागला असावा, हे समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. गंमत म्हणजे या कथेची सुरुवातीची तीन पात्रे पॅरिसमधील एकाच प्रयोगशाळेत वावरलेली आहेत.

पहिले पात्र लुई निकोला वोक्लँ. क्रोमियमचा शोध लावणारा हा रसायनज्ञ शेतकरी कुटुंबातून आलेला. १८०६ मध्ये त्याने मानवी केसांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात त्याला गंधक सापडले. केसांचा रंग त्यांतील रंगीत तेलामुळे येतो, असे त्याचे मत होते. ते चुकीचे ठरले. रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. गंधकाची नोंद मात्र महत्त्वाची होती, ती का ते पुढे येईलच.

दुसरे पात्र लुई जाक तेनार. वोक्लँच्या प्रयोगशाळेत शिकण्याची महिना वीस फ्रँक फी या गरीब मुलाला परवडणारी नव्हती. वोक्लँच्या बहिणींनी रदबदली केली म्हणून त्याला प्रवेश मिळाला. याच तेनारने १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केले. तिसरा मिशेल युजीन शेव्रल. हाही वोक्लँचा शिष्य. स्पर्म व्हेलच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थावर अल्कलीची क्रिया करून त्याने १८१७ च्या सुमारास सेटिल अल्कोहोल वेगळे केले. 'सेटिल' हे नाव देवमाशाच्या लॅटिन नावावरून आले आहे. नावात अल्कोहोल असले तरी तो पांढरा, मेणचट घन पदार्थ आहे. १८२४ मध्ये शेव्रल गोब्लँ या प्रसिद्ध गालिचा-कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. काळी लोकर फिकट दिसते अशी तेथे तक्रार होती. दोष रंगात नसून शेजारच्या रंगांमुळे डोळ्याला तसे भासते, हे त्याने दाखवून दिले. शेव्रल १०२ वर्षे जगला, पण आपले मेणचट अल्कोहोल एक दिवस न्हाणीघरात पोहोचेल, अशी कल्पना त्याला असणे शक्य नव्हते.

पेरॉक्साइड केसांपर्यंत आधी पोहोचले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने केस सोनेरी करण्याचे प्रात्यक्षिक झाले. दरम्यान १८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनाइन बनवायला निघाला होता, आणि हाती लागला जांभळा रंग. त्यानंतर डांबरापासून रंग बनवण्याची लाटच आली. पॅराफेनिलीनडायअमीन या रंगहीन संयुगाचे पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण केले की गडद रंग बनतो. १८८३ मध्ये फ्रान्समध्ये केस रंगवण्यासाठी या क्रियेचे पेटंट घेतले गेले. १९०७ मध्ये युजीन श्यूलर या तरुण फ्रेंच रसायनज्ञाने आपला केशरंग बाजारात आणला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लोरिआल झाली. कंपनीच्या मूळ नावात 'निरुपद्रवी केशरंग' असे शब्द होते. तेव्हाच्या इतर केशरंगांविषयी लोकांना काय वाटत असे, ते यावरून कळते! पॅराफेनिलीनडायअमीनची अनेकांना तीव्र ॲलर्जी होते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही पुष्कळदा तेच असते.

आता केसाकडे वळू. केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात. रंगातील अमोनियामुळे केस फुगतो आणि खवले उचलले जातात. लहान, रंगहीन रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि आतच अडकतात. पण पेरॉक्साइड तेवढ्यावर थांबत नाही. केसाच्या प्रथिनसाखळ्या गंधकाच्या जोड्यांनी बांधलेल्या असतात (वोक्लँचे गंधक ते हेच). त्यांतील काही जोड्या तुटतात आणि तेथे ऋण विद्युतभाराचे आम्लगट तयार होतात. शिवाय खवल्यांवर मेदाम्लाचा एक अगदी पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो, तोही निघून जातो. हा थर १९८० च्या दशकात प्रथम लोकरीच्या अभ्यासकांनी ओळखला. तो गेला की केस पाणी धरू लागतो, खवले एकमेकांत अडकतात आणि हाताला काथ्या लागतो.

याच्यावरचा उतारा आला जंतुनाशकाच्या बाटलीतून. १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक याने अमोनियमच्या चतुष्क क्षारांचे जंतुनाशक गुण प्रसिद्ध केले. या क्षारांच्या रेणूला धनभारित डोके आणि लांब मेदाची शेपटी असते. कापड आणि केस दोन्ही पाण्यात ऋणभारित होतात. त्यामुळे डोके पृष्ठभागाला चिकटते, शेपटी बाहेर राहते आणि स्पर्श मऊ होतो. कापड मऊ करायला वापरले गेलेले हे क्षार पुढे केसांसाठीही आले. सोबतीला शेव्रलचे सेटिल अल्कोहोल. आता ते बहुधा पाम किंवा खोबरेल तेलापासून बनते. दोन्ही मिळून दाट मलई होते, आणि कंडिशनर म्हणजे मुख्यतः तीच.

केस जिथे अधिक बिघडला आहे तिथे ऋणभार अधिक, म्हणून कंडिशनरही तिथेच अधिक चिकटतो. ही करामत किमतीची नाही, विद्युतभाराची आहे. आम्ही दोन्ही डब्यांवरची घटकांची यादी वाचली. पाणी, सेटिल जातीचे अल्कोहोल आणि 'ट्रायमोनियम क्लोराइड'ने संपणारे नाव दोन्हींत वरच होते. महागड्यात सिलिकोन आणि सुगंध जास्त. सिलिकोनचा थोडा उपयोग होतो. सुगंधाचा केसाला काही नाही. 'दुरुस्ती' हा शब्द दोन्हींवर होता. केस हा मृत ऊतक आहे. तुटलेली गंधकाची जोडी कंडिशनरने सांधत नाही, वर फक्त उसना मेद बसतो. शांपूतील ऋणभारित रेणू तो काढून नेतात. मैत्रिणीचे केस पुन्हा राठ झाले ते यामुळे.

वर्गात हे दाखवता येते. केशकर्तनालयातून पांढरे केस आणावेत (काळ्यावर निळा रंग दिसणार नाही) आणि शांपूने धुऊन तीन जुड्या बांधाव्यात. दोन जुड्या औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे चार थेंब टाकून अर्धा तास बुडवाव्यात व भरपूर पाण्याने धुवाव्यात. त्यांपैकी एकीला स्वस्तातला कंडिशनर लावून पुन्हा धुवावे. मग तिन्ही जुड्या जीवशास्त्राच्या कपाटातील मिथिलीन ब्ल्यूच्या अगदी सौम्य द्रावणात दोन मिनिटे ठेवाव्यात. मिथिलीन ब्ल्यूचा रेणूही धनभारित असतो. कोणती जुडी किती निळी होईल, याचे मुलांचे अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्यावेत. हातमोजे आवश्यक, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.