काउंटरमागचा माणूस

लॉस एंजेलिसला राहायला आल्यावर पहिले सहा महिने मी सुशी खाल्ली ती सुपरमार्केटच्या प्लॅस्टिकच्या डब्यातली. फ्रीजमध्ये राहून दगड झालेला भात आणि वर माशाचा निस्तेज तुकडा. मी मालवणचा. मासा घेताना आधी कल्ले उघडून बघायचे, ही आईची शिकवण. डब्यातल्या माशाला कल्ले कुठून आणायचे?

मग मी चांगली सुशी शोधायला लागलो. स्वतःपुरते दोन नियम केले. एक, मोठ्या साखळीतलं रेस्टॉरंट नको. दोन, काउंटरमागे जपानी माणूस हवा. दुसरा नियम आज सांगतानाही लाज वाटते.

एका शुक्रवारी लॉंड्री आणि डोनटच्या दुकानामध्ये दडलेलं एक छोटंसं सुशीचं दुकान सापडलं. काउंटरला जेमतेम दहा खुर्च्या. आत डोकावलो, तर सुरी चालवणारा माणूस मेक्सिकन. मी दारातूनच परत फिरलो.

‘अस्सल’ सुशी खायची म्हणून नंतर लिटल टोकियोत चकरा सुरू केल्या. तिथे पोट भरलंच, पण त्या भागाचा इतिहासही वाचायला लागलो. आणि माझा दुसरा नियम हळूहळू ढासळला.

मुळात सुशी म्हणजे ताजा मासा नव्हेच. मासा टिकवायची ती जुनी युक्ती. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा, मग मासा खायचा आणि भात फेकून द्यायचा. बिवा सरोवराच्या काठावर अशी सुशी आजही करतात. आपण ओळखतो ती, व्हिनेगर लावलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवलेली निगिरी, १८२०च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकप्रिय झाली. तिचं श्रेय बहुतेकदा हानाया योहेई यांना देतात. तेव्हा ती गाडीवर मिळायची. घाईतल्या माणसाने उभ्याउभ्या दोन घास खावेत आणि पुढे जावं. आपल्या वडापावसारखंच.

लॉस एंजेलिसच्या फर्स्ट स्ट्रीटवर एका जपानी खलाशाने १८८०च्या दशकात रेस्टॉरंट काढलं. त्याच्या आजूबाजूला लिटल टोकियो वाढलं. बंदराजवळच्या टर्मिनल आयलंडवर जपानी कोळ्यांची वस्ती उभी राहिली. पुरुष ट्यूना पकडायचे, बायका डबाबंद माशांच्या कारखान्यांत राबायच्या. वस्ती साधारण तीन हजारांची.

डिसेंबर १९४१मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६वर सही केली. काही दिवसांतच टर्मिनल आयलंडच्या लोकांना बेट सोडायला सांगितलं गेलं. मुदत ४८ तास. होड्या, जाळी, भांडीकुंडी मिळेल त्या भावाला विकली, नाहीतर तशीच टाकली. नंतर त्यांची घरंही पाडली गेली. पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक छावण्यांत कोंडले गेले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. कुणी काय केलं, हे बघितलं गेलं नाही. वंश बघितला गेला.

मी टर्मिनल आयलंडला जाऊन आलो. आता तिथे कंटेनरच्या रांगा आहेत आणि पाण्याकडे तोंड करून दोन कोळ्यांचे पुतळे. तिथे उभा असताना मला लॉंड्रीशेजारचं ते दुकान आठवलं. त्या माणसाच्या हातची सुशी न खाता, नुसता चेहरा बघून मी परत फिरलो होतो. माझ्या वागण्याने कुणाचं घर गेलं नव्हतं, हे खरं. पण सवय तीच होती.

युद्धानंतर लोक परतले, दुकानं पुन्हा उघडली. १९६०च्या दशकात जपानी खाद्यपदार्थ आयात करणारे नोरितोशी कानाई यांनी खटपट केली आणि लिटल टोकियोतल्या कावाफुकु रेस्टॉरंटमध्ये सुशीचा काउंटर सुरू झाला. त्याच सुमारास तिथल्याच तोक्यो काइकानमध्ये इचिरो माशिता यांनी ट्यूनाच्या चरबीदार मासाऐवजी अव्होकाडो वापरून बघितला. कॅलिफोर्निया रोलची ही एक जन्मकथा. व्हँकुव्हरचे शेफ हिदेकाझु तोजोही त्या श्रेयावर हक्क सांगतात. काही असो, परक्या मुलखात जे मिळालं त्यात भागवायचं, असं करतच ही सुशी इथे रुजली.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो. या वेळी खुर्चीवर बसलो. भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर त्या दिवशीचे सात-आठ मासे, बस. भात किंचित कोमट. हातात सुटत नव्हता, तोंडात विरघळत होता. मीठ आणि व्हिनेगर लावलेला साबा आला. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ! त्या माणसाने भांडी घासण्यापासून सुरुवात केली होती. पुढची कित्येक वर्षं जपानी मालकाच्या हाताखाली काढली. मालक थकला, त्याच्या मुलांना दुकान नको होतं, म्हणून ते याच्याकडे आलं.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो: यादी छोटी असलेलं दुकान शोधा. टेबल सोडून काउंटरवर बसा. आज काय चांगलं आहे ते विचारा आणि तेच मागवा. भाताकडे लक्ष द्या. भात थंड आणि घट्ट असेल, तर मासा कितीही भारी असो, उपयोग नाही. आणि मासा आधी गोठवलेला असला तर नाक मुरडू नका. कच्च्या माशातले परजीवी मरावेत म्हणून तसं करतात.

गेल्या वर्षी आई आली होती. तिला तिथे घेऊन गेलो. कच्चा मासा खाणार नाही, हे तिने आधीच बजावलं होतं. तामागो, म्हणजे अंड्याचं गोडसर ऑम्लेट, तेवढं खाल्लं. मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, “कल्ले दाखव म्हणावं त्याला.”

मी संकोचत भाषांतर केलं. तो हसला आणि आतून अख्खा साबा घेऊन आला. आईने बोटाने कल्ला उचलला, नीट बघितला आणि मान डोलावली.

तो माणूस कुठला, हे तिने विचारलंच नाही.