शिवार सौद्यापासून कंटेनरच्या हिशेबापर्यंत : मोहाडीच्या ‘सह्याद्री’ची वाटचाल

दिंडोरी तालुक्यात द्राक्षाचा सौदा पूर्वापार बागेतच ठरत आला. व्यापारी ओळींतून फिरतो, मणी चाखतो, किलोचा भाव बोलतो, थोडा इसार देतो आणि काढणी सुरू होते. उरलेले पैसे कधी मिळणार, वजनातली घट कोणाच्या माथी, हे बहुतेक वेळा चिठ्ठीवर किंवा शब्दावर. शब्द पाळणारे व्यापारी पुष्कळ होते आणि आहेत; हंगाम संपताच पैसे बुडवून पसार झालेलेही या पट्ट्याने पाहिले आहेत. याच तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने मिळवलेले यश अनेकदा निर्यातीच्या आकड्यांत मोजले जाते. त्यामागे सौद्याची प्रत्येक पायरी नोंदवण्याची शिस्त आहे, तिची दखल मात्र कमी घेतली जाते.

या वाटेवर आधी चाललेल्यांचे ऋण मान्य करायला हवे. १९९१ मध्ये द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली आणि युरोपच्या बाजाराचे पहिले धडे महाराष्ट्राने तिच्याकडून घेतले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये पोचलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश आढळले. त्यातून उर्वरित अंश तपासणीची राष्ट्रीय व्यवस्था आकाराला आली आणि पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे तिची शास्त्रीय धुरा आली.

२००४ च्या सुमारास नाशिकजवळच्या आडगावचे विलास शिंदे यांनी मोजक्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन युरोपला द्राक्षे पाठवायला सुरुवात केली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकी शिकून आलेल्या शिंदे यांनी स्वतःच्या शेतीतले तोट्याचे दिवस पुरेपूर अनुभवले होते. गट लहान असल्याने कोणाचा माल कोणत्या गाडीत गेला, हे तोंडपाठ असे. कंटेनर वाढले तशी ही सोय संपली.

त्याच काळात, २००६-०७ च्या हंगामापासून, अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली आणली. कृषी विभागाकडे बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, ॲगमार्क तपासणी आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र ही साखळी तिने एका धाग्यात ओवली. परदेशातल्या गोदामातील मालावरून मागे येत थेट बागेपर्यंत पोचता येऊ लागले.

तरीही २०१० चा फटका चुकला नाही. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर वेलीची फाजील वाढ रोखून घडनिर्मिती व्हावी म्हणून बागाईतदार क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे त्यांच्या बोलीतले ‘लिहोसिन’ किंवा ‘सीसीसी’, वापरत. युरोपात त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत मात्र त्याचे नावच नव्हते. प्रमाणपत्रे घेऊन निघालेले कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले, भाव कोसळले, निर्यातदार आणि बागाईतदार दोघेही कर्जात गेले. शिंदे यांच्या गटालाही त्याची झळ लागली. माग अचूक होता, पण त्या मागावर विचारायचा प्रश्नच विचारला गेला नव्हता. खरेदीदार उद्या काय विचारील, हे आज नोंदवायचे, हा या प्रकरणाचा धडा महागात पडला.

अशा पडत्या काळातच, २०१०-११ मध्ये, सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी स्थापन झाली. डॉ. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींनंतर कंपनी कायद्यात आलेल्या उत्पादक कंपनीच्या तरतुदीने त्यासाठी वाट मोकळी केली होती. भागधारक शेतकरीच असल्याने सौद्याची माहिती लपवण्याचे कारणच उरत नाही, हा या रचनेचा मोठा लाभ. मोहाडीत शंभरहून अधिक एकरांच्या आवारात पॅकहाऊस, प्रीकूलिंग आणि प्रक्रिया उद्योग उभे राहिले आणि सह्याद्री देशातील आघाडीची द्राक्ष निर्यातदार झाली.

या व्यापारातला सौदा एका दिवसात पुरा होत नाही. बाहेरच्या सुपरमार्केटशी हंगामापूर्वी ‘प्रोग्राम’ ठरतो : कोणत्या आठवड्यात किती कंटेनर, कोणता मणी, कोणते पॅकिंग. भाव कधी पक्का असतो, कधी किमान हमी असते आणि कधी माल विकला गेल्यावर हिशेब येतो. चौकशी, नमुना, भाव, मागणी, लोडिंग, पोच, तिकडचा दर्जा अहवाल, कपातीचा दावा, शेवटी पैसे. आज ग्राहकसंबंध सांभाळणारी (सीआरएम) सॉफ्टवेअर याच पायऱ्यांवर सौदा पुढे सरकवतात. द्राक्षात त्यांना आणखी एक काम असते. विक्रीची नोंद बागेच्या नोंदीला जोडलेली नसेल तर युरोपातून आलेली कपात कोणाच्या मालाची, हे ठरवताना वाद होतात. जोडलेली असेल तर ज्याच्या घडात दोष, त्याच्यापुरतीच ती राहते आणि चांगला माल देणाऱ्याला त्याचा भाव मिळतो. विक्री विभागाचा अहवाल म्हणून जे मोठ्या कंपन्यांत पाहिले जाते, ते इथे शेतकऱ्याच्या हिशेबाचे पान ठरते.

पुढे टोमॅटो, डाळिंब, केळी अशी पिके जोडली गेली. द्राक्षाचे ‘आरा’ मालिकेतील पेटंट वाण आले, आणि परवान्याच्या वाणामुळे बागेची नोंद आणखी काटेकोर ठेवावी लागू लागली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत संस्थेने मुंबई, पुणे, नाशिकच्या घरांपर्यंत फळे-भाजीपाला पोचवला. मोजक्या मोठ्या खरेदीदारांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेपुढे अचानक असंख्य लहान ग्राहक उभे राहिले.

सप्टेंबर २०२२ मध्ये सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर या समूहातील कंपनीत इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय संस्थांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. तेव्हा सुमारे १८,००० शेतकरी आणि ३१,००० एकर क्षेत्र संस्थेशी जोडलेले होते. परक्या गुंतवणूकदाराने विश्वास टाकावा, यात हिशेबाच्या पारदर्शकतेचा वाटा मोठा, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. त्यानंतर २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास साधारण दहा-पंधरा दिवसांनी लांबला. नाशिकच्या सगळ्याच द्राक्ष निर्यातदारांना ठरलेले आठवडे, मण्याचा टिकाऊपणा आणि वाढीव भाडे यांवर खरेदीदारांशी नव्याने बोलावे लागले. आता फळासाठीच्या गोडी छाटणीची कामे सुरू होतात तेव्हाच पुढच्या हंगामाच्या प्रोग्रामची बोलणीही सुरू असतात, आणि त्यात मागच्या हंगामातील कंटेनरचा दिवसवार हिशेब टेबलावर असतो.