समुद्रात चालत जाऊन प्रवाळ बघायचेत? नराराला जाण्याआधी हे वाचा

प्रवाळ बघायचे म्हणजे स्कूबा डायव्हिंग आलं, असा आपला समज असतो. पण गुजरातमध्ये एक जागा अशी आहे, जिथे ओहोटीच्या वेळी चक्क चालत जाऊन प्रवाळ बघता येतात. ती जागा म्हणजे नरारा.

नेमकं कुठे आहे?

जामनगरपासून साधारण ६० किलोमीटरवर, वाडिनारजवळ. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. १९८२ साली जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. महाराष्ट्रातून द्वारकेला जाणाऱ्यांना ते वाटेतच पडतं.

कधी जायचं?

इथे घड्याळ समुद्राचं चालतं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा ते फारसं हटत नाही. त्यामुळे हिवाळ्यातली उधाणाच्या आसपासची तारीख निवडा आणि दिवसा ओहोटी किती वाजता आहे, ते आधी बघून घ्या. वनविभागाची परवानगी लागते, त्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवा. स्थानिक गाईड सोबत घ्या. भरती सुरू झाली की पाणी झपाट्याने चढतं, म्हणून गाईडने परत फिरा म्हटलं की लगेच फिरायचं.

काय दिसतं?

खडकांमधल्या डबक्यांत प्रवाळ, समुद्रफुलं, तारामासे, खेकडे आणि नशीब असेल तर ऑक्टोपस आणि पफरफिशही.

मग अडचण कुठे आहे?

एरवी माणूस दिसला की मासा खोल पाण्यात पळतो. ओहोटीत मात्र हे जीव डबक्यात अडकलेले असतात, पळायला जागाच नसते. त्यामुळे ते सहज हाती लागतात आणि मग 'जरा हातात धरा, फोटो काढू' सुरू होतं.

पफरफिशचं उदाहरण घ्या. हातात घेतल्यावर तो फुग्यासारखा फुगतो, ते बघायला मजेशीर वाटतं. पण तो फुगतो जिवाच्या भीतीने. पाण्यात असताना तो पाणी गिळून फुगतो. बाहेर काढल्यावर हवा गिळतो, आणि ती पुन्हा बाहेर टाकणं त्याला जड जातं. रील तीस सेकंदांची, पण तिची किंमत त्याला जीव देऊन मोजावी लागू शकते.

प्रवाळाचंही तसंच. दगडासारखा दिसला तरी प्रवाळ ही असंख्य बारीक जीवांची वसाहत असते. ती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते एखादा सेंटिमीटर वाढते. एक चुकीचं पाऊल पडलं की अनेक वर्षांची वाढ मोडते.

कायदा काय सांगतो?

प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वाघाइतकंच, म्हणजे पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही 'आठवण' म्हणून घरी आणता येत नाही.

जाताना काय लक्षात ठेवाल?

- भिजले तरी चालतील असे, घट्ट पकड असलेले बूट घाला. चप्पल नको.
- पाय वाळूवर ठेवा, प्रवाळावर नाही.
- गाईडने एखादा जीव उचलून दाखवायची तयारी केली, तर 'राहू द्या, पाण्यातच बघतो' म्हणा.

पर्यटकांना खूश करण्यासाठीच जीव हातात घेतले जातात. मागणी थांबली, तर तेही थांबेल.